उसवली, फाटली की विरली?

कापड निकामी झालं हे सांगायला मराठीत तीन वेगळी क्रियापदं आहेत. शिलाई सुटली की कापड उसवतं. अंगचा धागा तुटून भोक पडलं की फाटतं. आणि घासून घासून इतकं पातळ झालं की उजेडात धरल्यावर पलीकडचं दिसावं, तर ते विरतं. कष्टाच्या कामाची पॅन्ट निवडताना ही तीन क्रियापदं आधी हाताशी घ्यावीत, कारण तिन्ही दुखणी वेगळी आणि त्यांची औषधंही वेगळी. पॅन्ट उसवली तर दोष दोऱ्याचा किंवा टिपेचा. शिलाईला लागून फाटली तर बहुतेक वेळा दोष बेतण्याचा, म्हणजे कटिंगचा. विरली तर कापडाचा. ‘पॅन्ट टिकली नाही’ एवढंच म्हणून जी दुसरी आणली जाते, ती पहिलीच्याच दुखण्यानं जाते.

वाशीम जिल्ह्यातला मानोरा तालुका हा कापूस, तूर आणि सोयाबीनचा मुलूख. इथल्या कोणत्याही घरात ‘कामाची पॅन्ट दाखवा’ म्हटलं, तर खुंटीवरची जी पॅन्ट खाली येईल ती कामासाठी घेतलेली नसते. ती कधीतरी लग्नकार्यासाठी शिवलेली असते. टेरिकॉटचं तलम कापड, पुढं दोन प्लेट, बॉटमला बारीक तुरपाई. दोन-तीन वर्षं ती पाहुण्यांकडे जाते, मग आठवडी बाजाराला जाते आणि बूड चकाकायला लागलं की वावरात जाते. म्हणजे कापडाचं सगळ्यात अवघड काम त्याच्या म्हातारपणी त्याच्या वाट्याला येतं. काटकसर म्हणून हे समजण्यासारखं आहे, पण हिशेबात ते बसत नाही. विरलेल्या कापडाची पॅन्ट एका हंगामात तीनदा शिवून घ्यावी लागते. आणि ती अंगावर असताना जे पायाला लागतं, त्याचा खर्च कोणी मांडतच नाही.

पायाला लागण्यासारखं इथं पुष्कळ आहे. तूर सोंगल्यावर जमिनीत राहणारे तिरपे खुंट भाल्यासारखे टोकदार असतात. वाळलेल्या बोंडाच्या पाकळ्या पिंडरीवर ओरखडे काढतात. वाळलेल्या सोयाबीनच्या शेंगांची टोकं सुईसारखी टोचतात, आणि सोयाबीन तर खाली बसून विळ्यानं सोंगायचं. धुऱ्यावर कुसळ, गोखरू आणि बाभळीचा काटा. पडीत जागेवर गाजरगवत, ज्याच्या नुसत्या स्पर्शानं काहींच्या कातडीवर पुरळ उठतं. यात घोणस आलीच.

सापाचा विषय निघाला म्हणून एक प्रयोग सांगतो. २००९ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी माणसाच्या हातापायासारख्या नमुन्यांवर रॅटलस्नेकना चावायला लावलं; काही नमुने उघडे होते, काहींवर साधं डेनिम कापड होतं. डेनिम असलेल्या नमुन्यात सापानं आत सोडलेलं विष सुमारे दोन-तृतीयांशानं कमी भरलं. बरंचसं विष कापडातच जिरलं. घोणस हा वेगळा साप आहे, आणि कापडावरून चावला तरी दवाखान्यात तातडीनं जायचंच. पण अंगावरचं साधं जाड कापड काय करू शकतं, हे त्या प्रयोगातून कळतं.

आता पॅन्ट आधी कुठं जाते ते पाहू. दहा मजुरांना विचारा, आठ जण एकच जागा सांगतील: दोन पाय जिथं जुळतात ती, सीटची. याचं कारण आपल्या बसण्यात आहे. निंदण असो, सोंगणी असो, विटा रचणं असो की फरशी बसवणं, आपलं बहुतेक काम उकिडवं बसून चालतं. उकिडवं बसताना कमरेपासून मागून खाली येणारं अंतर एकदम वाढतं, मांड्या फाकतात, आणि हा सगळा ताण त्या एका बिंदूवर येतो जिथं पॅन्टच्या चार शिलाया एकमेकींना छेदतात.

धोतराला हे दुखणं नव्हतं, कारण धोतराला शिलाईच नव्हती. कासोटा रोज सकाळी नव्यानं खोचला जायचा, बसताना कापड सरकून जागा करून द्यायचं. विजार, तुमान, सुरवार हे आपले शिवलेले पोशाखही मांडीला सैल असत. इंग्रजी पँटलून आपल्याकडं आली, मराठीनं तिला ‘पाटलोण’ केलं, पण तिचा बेत मात्र तसाच राहिला: उभं राहणाऱ्या, खुर्चीवर बसणाऱ्या माणसाचा. आपण तो बेत घेतला आणि त्यात उकिडवं बसू लागलो. गेली शंभर वर्षं आपल्या पॅन्टी तिथं फाटत आहेत त्याचं मूळ हे आहे.

यावर उपाय आपल्याच शिवणकामात पडून आहे. सलवार किंवा चुडीदार उलटा करून पाहिला तर दोन पायांच्या मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराचा एक वेगळा तुकडा जोडलेला दिसतो. हिंदी-उर्दूत त्याला मियानी म्हणतात. या तुकड्यामुळं चार शिलाया एका बिंदूवर येत नाहीत, ताण चार कोपऱ्यांत वाटला जातो आणि पाय फाकायला हातभर जागा मिळते. डोंगर चढणाऱ्यांच्या महागड्या पॅन्टींमध्ये आज हाच तुकडा असतो. मानोऱ्यात, दिग्रसला किंवा कारंज्याला कुठल्याही शिंप्याला सलवार शिवता येते. तेव्हा पॅन्टीत मियानी घालून द्या म्हटलं तर त्याला वेगळं काही शिकायचं नाही. मागायला मात्र आपण शिकलं पाहिजे. सोबत आणखी एक सांगावं: मागची बाजू कमरेला दोन बोटं उंच ठेवा. कमरेखाली बसणारी आजच्या फॅशनची जीन्स वावरात बसली की मागून घसरते, आणि दिवसभर एक हात ती वर ओढण्यात जातो.

मग शिलाई. घरगुती मशीनची साधी टीप वरच्या आणि खालच्या दोऱ्याची गाठ मारत जाते. ती पक्की असते, पण तिला ताण सहन करण्याइतकी ढील नसते. सीटची शिलाई वळणावर, कापडाच्या तिरक्या अंगावरून जाते. तिथं कापड ताणलं जातं, दोरा ताणला जात नाही आणि कट्कन तुटतो. उसवण्याचं हे नेहमीचं कारण. म्हणून त्या भागात एकीशेजारी एक अशा दोन टिपा, आणि टीप घालताना शिंप्यानं कापड हलकं ताणून धरायचं. पायाच्या लांब शिलायांना कापडाच्या दोन्ही कडा एकमेकींत दुमडून वरून दोन टिपा घालाव्यात, जशा जीन्सला असतात. त्यात कच्ची कड उघडी राहत नाही आणि झिजतही नाही. दोरा पॉलिएस्टरचाच हवा. सुती दोरा घामानं आणि ओलीनं कुजतो. आणि टाके फार बारीक घालू नका म्हणावं. जाड कापडाला इंचाला आठ-दहा टाके पुरे. त्याहून जास्त म्हणजे कापडाला ओळीनं पाडलेली भोकं, आणि मग पॅन्ट उसवत नाही, त्या ओळीवर फाटते.

खिशाच्या कोपऱ्यांची गोष्ट जगप्रसिद्ध आहे. १८७०-७१च्या सुमारास अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातल्या रेनो गावी जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याकडं एक बाई आली. नवरा लाकूडतोड्या, पॅन्ट टिकत नाही, काहीतरी पक्कं शिवून द्या, असं तिचं मागणं. डेव्हिस घोड्यांच्या सामानाला तांब्याचे रिबिट ठोकत असे. त्यानं तेच खिशाच्या कोपऱ्यांना ठोकले. कापड पुरवणाऱ्या लेव्ही स्ट्रॉसबरोबर त्यानं २० मे १८७३ रोजी पेटंट घेतलं आणि जीन्स जन्माला आली. मला या गोष्टीत मोलाची वाटते ती ती बाई. कोणत्या जागी फाटतं हे तिला ठाऊक होतं आणि तिनं ते शिंप्याला सांगितलं.

आणि या जागतिक कामगार-कापडात एक धागा मराठी मुलखाचा आहे. मुंबईच्या डोंगरी भागात विकलं जाणारं जाडंभरडं सुती कापड ‘डोंगरी’ म्हणून ओळखलं जाई. इंग्रज व्यापाऱ्यांनी ते सतराव्या शतकात नेलं. पुढं त्याच नावावरून कामगारांच्या आणि खलाशांच्या जाड पोशाखाला इंग्रजीत डंगरीज म्हणू लागले. तोच शब्द फिरून आपल्याकडं आला, आणि वर्कशॉपमधला मेकॅनिक आज आपल्या अंगावरच्या पोशाखाला ‘डांगरी’ म्हणतो, तेव्हा तो नकळत मुंबईतल्या एका वस्तीचं नाव घेत असतो.

कापडाकडं वळू. दुकानात कापड हातात घेतलं की त्यावर तिरक्या रेषा दिसतात का ते पाहावं. दिसल्या तर ती ट्विल वीण: उभा धागा तीन आडव्या धाग्यांवरून जातो आणि एकाखालून. ड्रिल, डेनिम, गॅबर्डिन ही सगळी याच घराण्यातली. या विणीत धाग्यांच्या गाठीभेटी कमी होतात, म्हणून जास्त धागे दाटीनं बसतात. शिवाय काटा अडकला तर शेजारचे धागे सरकून एकत्र येतात आणि ताण वाटून घेतात. साध्या विणीत मात्र एकेक धागा एकटा पडून तुटत जातो. फाटणं आणि न फाटणं यातला फरक पुष्कळदा एवढाच असतो.

जाडी हातानं कळते असं वाटतं, पण खळ घातलेलं कापड हाताला फसवतं. पहिल्या धुण्यात खळ जाते आणि हाती चिंधी उरते. त्यापेक्षा एक सोपी रीत आहे. दुकानदाराकडून नमुन्याचा तुकडा मागून घ्यावा, कोमट पाण्यात धुऊन वाळवावा, त्यातून दहा सेंटिमीटर लांब आणि दहा सेंटिमीटर रुंद असा चौकोन कापून सोनाराच्या काट्यावर ठेवावा. जितके ग्रॅम भरतील त्याला शंभरानं गुणलं की एका चौरस मीटरचं वजन येतं, ज्याला व्यापारी जीएसएम म्हणतात. पावणेतीन ग्रॅम भरलं तर २७५. माझ्या मते वऱ्हाडातल्या कामाला २५० ते ३०० हा पट्टा योग्य. अमेरिकी खाणकामगाराच्या छापाची चौदा औंसांची डेनिम ४७५ जीएसएमच्या आसपास जाते. विदर्भाच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाकडं सरकत असताना, ती पायात घालून बांधकामावर उभं राहणं हा जुलूम आहे. जो पोशाख माणूस उन्हामुळं काढून ठेवतो तो कितीही टिकाऊ असला तरी उपयोगाचा नाही.

सुती की टेरिकॉट, हा वाद इथं सुटतो तो घामापाशी. कापूस हवेतली ओल आपल्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांपर्यंत धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून निव्वळ पॉलिएस्टर पायाला चिकटतं आणि जांघेत घासून कातडी सोलवटते. पण घासणीला तोंड देण्यात पॉलिएस्टर कापसापेक्षा चिवट, हेही खरं. हमालीला, ट्रॅक्टरवर, गिट्टी-मुरुमाच्या कामाला कापूस जास्त आणि पॉलिएस्टर कमी अशी मिसळ चांगली. वेल्डिंगच्या दुकानात मात्र निव्वळ सुती कापडाला पर्याय नाही. पॉलिएस्टर साधारण अडीचशे अंशांना वितळतं आणि वितळलेलं कातडीला डकतं. सुती कापडावर ठिणगी पडली तर काळं भोक पडतं. वेल्डरनं पॅन्टीचे बॉटम वर दुमडू नयेत, त्या घडीत ठिणगी बसून राहते. दुकानदार कापड ‘प्युअर कॉटन’ म्हणतो ते खरं की नाही हे पाहायला कडेचा एक धागा ओढून काडीपेटीवर धरावा. कागदासारखा जळून राख झाली तर सुती. टोकाला कडक मणी झाला तर त्यात पॉलिएस्टर आहे.

सुती कापड शिवण्याआधी रात्रभर भिजत घालावं, नाहीतर शिंप्यानं घेतलेलं माप पहिल्या धुण्यातच खोटं ठरतं. घरी हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त कामाच्या पॅन्टीसाठी कोणी करत नाही.

फवारणीच्या पॅन्टीवर मात्र थांबून बोललं पाहिजे. २०१७ साली, पावसाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत, मानोऱ्याला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात दाखल झाले. सरकारनं विशेष तपास पथक नेमलं. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याबरोबर वाढली होती, म्हणजे फवारणारा ओल्या झाडांच्या भिंतींमधून चालत होता. तोंडाला रुमाल बांधायचा एवढं पुष्कळांना माहीत असतं. पण फवारणाऱ्याच्या अंगात विष जाण्याचा मोठा रस्ता कातडीचा आहे, आणि त्या रस्त्यावरचा पहिला दरवाजा म्हणजे पॅन्ट.

अमेरिकन त्वचातज्ज्ञ हॉवर्ड मायबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली पॅराथिऑन या कीटकनाशकावर केलेलं काम प्रत्येक कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर लावण्याजोगं आहे. शरीराच्या वेगवेगळ्या जागी तेवढंच औषध लावून किती आत शिरतं हे त्यांनी मोजलं. हाताच्या कोपराखालच्या भागाच्या तुलनेत पुरुषाच्या अंडकोषाच्या कातडीतून ते सुमारे बारा पट शिरलं. जवळपास लावलं तेवढं सगळं. आता पाठीवरचा पंप आठवा. झाकणातून किंवा वॉशरमधून पाझरणारं पाणी पाठीवरून उतरतं, कमरेच्या पट्ट्याशी थबकतं आणि सीटमधून जांघेत जातं. समोरून ओल्या पानांनी मांड्या भिजतात, तेही तिथंच येतं. ज्या जागी आपली पॅन्ट आधी विरते, त्याच जागी विष सगळ्यात वेगानं आत जातं. विरलेली जुनी पॅन्ट ‘फवारणीला चालते’ म्हणून बाजूला ठेवणाऱ्या घराला हे कोणीतरी समोर बसून सांगायला हवं.

कीटकनाशक हाताळणाऱ्यांना संरक्षक कपडे द्यावेत ही तरतूद १९७१च्या कीटकनाशक नियमांत आहे. पण भादव्याच्या दमट उन्हात रबरी पोशाखानं माणूस घेरी येऊन पडेल, हेही तितकंच खरं. मधला मार्ग असा: खाली दाट विणीची, न विरलेली ट्विलची पॅन्ट, समोर छातीपासून गुडघ्याखालपर्यंत प्लॅस्टिकचा अॅप्रन, मागून उघडा, म्हणजे वारा लागतो, आणि पंप व पाठ यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा एक तुकडा, कमरेच्या खाली लोंबेल असा. पॅन्टचे पाय गमबुटाच्या बाहेर ठेवायचे. आत खोचले तर वरून ओघळलेलं सगळं बुटात साचतं. काम संपलं की ती पॅन्ट त्याच दिवशी, घरच्या कपड्यांपासून वेगळी धुवायची, आणि धुणारीनं हातमोजे घालायचे. न धुतलेली पॅन्ट दुसऱ्या दिवशी घालणं म्हणजे कालचं औषध आज पुन्हा अंगाला लावणं. आणि ज्या पॅन्टीवर औषधाचा मूळ द्राव सांडला, ती धुऊन वापरायची नाही, टाकायची.

मळणीचं दुखणं उलट आहे. तिथं सैल कापड घात करतं. ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्याची जाडी साधारण पस्तीस मिलिमीटर, घेर अकरा सेंटिमीटर. नऊ फेऱ्यांत तो जवळपास एक मीटर कापड गुंडाळतो. पॅन्टचं लोंबतं टोक त्यात सापडलं तर ‘बंद करा’ हे दोन शब्द तोंडातून निघायच्या आत पाय ओढला गेलेला असतो. १९४८च्या कारखाने कायद्याच्या कलम २२ नं चालत्या यंत्राजवळ जाणाऱ्या कामगाराला अंगाबरोबरचे कपडे मालकानं पुरवावेत अशी अट घातली. ही अट कारखान्यापुरती होती. वावरातल्या थ्रेशरजवळ मालकाला अडवणारं कोणी नसतं. तेव्हा त्या दिवसापुरती घोट्याशी आवळलेली पॅन्ट, न लोंबणारा नाडा, आणि धोतर किंवा लुंगी असेल तर थ्रेशरपासून लांब.

आणि ज्यांच्या वाट्याला पॅन्टच येत नाही त्यांचं काय? कापसाची वेचणी आणि निंदण बहुतांशी बायका करतात. साडीवर नवऱ्याचा किंवा मुलाचा जुना शर्ट चढवतात, म्हणजे हात आणि पाठ झाकली जाते, पिंडऱ्या उघड्याच. मधल्या काळात सलवार किंवा लेगिंग साडीखाली घालणाऱ्या दिसू लागल्या, पण ते कापड इतकं तलम की बोंडाच्या एका ओरखड्यात जातं. वेचणाऱ्या बाईसाठी नाड्याची, मियानीची, गुडघ्याखाली दुहेरी कापडाची, ट्विलची सैल विजार शिवली तर ती साडीखालीही बसेल आणि कुर्त्याखालीही. अशी विजार मला कुठल्याही दुकानात टांगलेली दिसली नाही. सगळ्यात जास्त वेळ वाकून काम करणाऱ्या माणसासाठी बाजाराकडं मापच नाही.

गुडघ्याचं काम मात्र घरच्या घरी होतं. फाटल्यावर ठिगळ लावण्याऐवजी नवीन असतानाच गुडघ्यावर आतून जुन्या सुती कापडाचे एक-दोन थर ठेवावेत आणि गोधडीला घालतात तसे उभे धावते टाके बोटाच्या पेराएवढ्या अंतरानं घालावेत. थर एकजीव होतात, वरचं विरलं तरी खालचं पकडून राहतं. जपानी शेतकऱ्यांनी हीच रीत ‘साशिको’ या नावानं जपली. पोहरादेवीच्या यात्रेला मानोरा तालुक्यात येणाऱ्या बंजारा बायांच्या फेटियाची, म्हणजे घागऱ्याची, किनार पाहिली तर थरावर थर आणि त्यावर दाट टाके ही विद्या इथं किती जुनी आणि किती देखणी आहे हे दिसेल.

पॅन्ट शिवून आली की आरशासमोर उभं राहू नये. शिंप्याच्या दुकानातच उकिडवं बसावं, बसल्या बसल्या पुढं चार पावलं सरकावं, मग बंडीवर चढल्यासारखा एक पाय ओट्यावर टाकावा. खिशातल्या मोबाइलची कड मांडीला रुतली तर खिसा बाजूला घ्यायला सांगावं. मागं कंबर उघडी पडली तर पट्टी वाढवायला सांगावं. सीट ओढली गेली तर मियानी मोठी करायला सांगावं. टीप उसवायला आणि पुन्हा घालायला शिंप्याला अर्धा तास लागतो.